श्रुतलेखन संपलं, पेनं खाली

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू नक्की काय काम करतोस ते आम्हाला कळेल असं पंधरा मिनिटांत सांग." इतकी वर्षं गावात आलो की कुणी ना कुणी हे विचारतं आणि "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं सांगून मी सुटतो. आज सुटका नाही. समोर गणिताचे सर बसलेत, मराठीच्या बाई बसल्यात. तेव्हा मोठमोठ्या गोष्टी सांगण्यापेक्षा माझ्या कामातली एकच लहान गोष्ट सांगतो. ती इतकी लहान आहे की कोडमध्ये एका ओळीत मावते. पण त्या एका ओळीनं मला आयुष्यातली सर्वांत लाजिरवाणी चूक करायला लावली. खरं तर चूक ओळीची नव्हती, माझी होती.

ती ओळ अशी : "कंट्रोलर डॉट क्लोज". म्हणजे वाहती माहिती बंद करणं.

आधी वाहती माहिती म्हणजे काय ते सांगतो. पूर्वी ब्राउझरमधल्या प्रोग्रामनं सर्व्हरकडे एखादी यादी मागितली, की ती सगळी येईपर्यंत थांबायचं आणि मग एकदम हातात घ्यायची, अशी रीत होती. यादी मोठी आणि नेट मंद असेल तर पडदा कोरा. आता ती तुकड्यातुकड्यानं घेता येते. आलेला तुकडा दाखवायचा, तोवर पुढचा येतो. मोबाइलवर हल्ली प्रश्न विचारला की उत्तर शब्द शब्द करत उमटत जातं, ते तुम्ही पाहिलं असेल. तो असाच प्रकार. अशा प्रवाहाला "रीडेबल स्ट्रीम" म्हणतात. त्याचे नियम डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी या गटाच्या "स्ट्रीम्स स्टँडर्ड"मध्ये लिहिलेले आहेत. प्रोग्रामरला स्वतःची अशी स्ट्रीम घडवण्याची सोय क्रोममध्ये २०१६ साली आली आणि फायरफॉक्समध्ये २०१९ साली.

हे नियम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर आपल्याला सातवीत शिकवलंय. बाईंच्या श्रुतलेखनाच्या तासाला.

आठवा तो तास. बाई फळ्याजवळ उभ्या. हातात पुस्तक. एक वाक्य तोडून तोडून सांगायच्या. चार शब्द सांगितले की थांबायच्या. खिडकीकडच्या रांगेत आमचा एक मित्र होता, आज तो इथे आहे, नाव घेत नाही. त्याचं अक्षर सुंदर आणि वेग बैलगाडीचा. बाई त्याच्याकडे बघायच्या. त्याची मान वर झाली की पुढचे चार शब्द. स्ट्रीम अशीच चालते. माहिती पुरवणारा एकेक तुकडा रांगेत ठेवतो, त्याला "एनक्यू" म्हणतात. वाचणारा एकेक उचलतो, त्याला "रीड" म्हणतात. रांगेत जागा झाली की ब्राउझर पुरवणाऱ्याला "आता पुढचा दे" म्हणून हाक मारतो, ती "पुल". पुरवणाऱ्यानं ती हाक पाळली, तर वाचणारा हळू असला तरी त्याच्या अंगावर ढीग पडत नाही. बाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या नुसत्या मुलांच्या मानांकडे बघायच्या.

आणि मग शेवट. बाई म्हणायच्या, "पूर्णविराम. श्रुतलेखन संपलं. पेनं खाली."

त्या वेळी वाटायचं, हे वेगळं सांगायची काय गरज? गरज अशी, की शेवटचं वाक्य ऐकताना ते शेवटचं आहे हे कळत नाही. ते बाकीच्या वाक्यांसारखंच असतं. स्ट्रीममध्येही तसंच. वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी दोन कप्प्यांची एक पुडी मिळते. एका कप्प्यात तुकडा, दुसऱ्यात "डन", म्हणजे "संपलं का?" याचं उत्तर. तुकडे येत असतात तोवर उत्तर "नाही". शेवटच्या तुकड्यासोबतही "नाही"च. पुरवणाऱ्यानं "क्लोज" म्हटलं आणि रांगेतलं सगळं वाचून झालं, की मग एक रिकामी पुडी येते. आत तुकडा नाही, फक्त "हो, संपलं".

"क्लोज"चे आणखी तीन बारकावे आहेत, तेही वर्गातलेच. बाईंनी "संपलं" म्हटल्यावर खिडकीकडचा मित्र लगेच पेन ठेवायचा नाही. कानात राहिलेले दोन-तीन शब्द तो लिहून काढायचा आणि बाई लिहू द्यायच्या. स्ट्रीम बंद केली तरी रांगेत आधीच ठेवलेले तुकडे वाचणाऱ्याला मिळतातच. ते कुणी हिसकावत नाही. दुसरं, एकदा संपलं म्हटल्यावर "अरे हो, अजून एक वाक्य राहिलं" असं म्हणता येत नाही. बंद केल्यावर तुकडा घालायला गेलात तर ब्राउझर "टाइपएरर" फेकतो. तिसरं, दोनदा "संपलं" म्हणता येत नाही. बंद केलेली स्ट्रीम पुन्हा बंद करायला गेलात तरी तोच टाइपएरर. शेवट एकदाच असतो.

आता समजा, बाई शेवटचं वाक्य सांगून काही न बोलता वर्गाबाहेर गेल्या. साठ मुलं पेन उचलून बसलेली. कुणी वही मिटत नाही, कारण अजून काही येईल. स्ट्रीम बंद करायची विसरली की असंच होतं. वाचणारा पुढचा तुकडा मागतो आणि थांबतो. त्याला "नाही" कळत नाही, "संपलं"ही कळत नाही. ना चूक दिसते, ना शेवट. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहतं. तुम्ही सर्वांनी ते पाहिलंय आणि नेटला शिव्या दिल्यात. नेट मंद असतंही. पण कधी कधी माझ्यासारख्या एखाद्यानं "पेनं खाली" म्हटलेलं नसतं.

इथपर्यंत सोपं आहे. माझी चूक याच्या पुढे आहे.

श्रुतलेखन तीन तऱ्हांनी थांबू शकतं. एक, ते पुरं झालं. दुसरी, मध्येच काहीतरी बिघडलं. आठवतंय ना, पावसाळ्यात कौलं गळायला लागली आणि पाणी थेट वह्यांवर आलं? बाई म्हणाल्या होत्या, "आजचं श्रुतलेखन रद्द. कुणी वह्या तपासायला देऊ नका." आणि तिसरी, लिहिणाराच म्हणतो, "बाई, पोटात दुखतंय, मी जातो."

स्ट्रीमच्या नियमांत या तिन्हींना वेगवेगळे शब्द आहेत. पुरं झालं तर "क्लोज". बिघडलं तर "एरर". वाचणाऱ्यालाच नको झालं तर "कॅन्सल". यातल्या "एरर"चा नियम कडक आहे. तो म्हटला की रांगेत राहिलेले, न वाचलेले तुकडेही टाकून दिले जातात आणि पुढे जो कुणी वाचायला येईल त्याला चूकच मिळते. "क्लोज" म्हणतं, हातात आलंय ते पूर्ण आहे, यावर विसंबा. "एरर" म्हणतं, विसंबू नका.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिच्याकडे शिष्यवृत्तीच्या याद्यांचं काम आलं होतं. पात्र मुलांची नावं, आडनावांच्या वर्णक्रमानं. तालुक्याच्या ठिकाणच्या माणसानं वेबपेज उघडायचं, यादी उतरवून घ्यायची, छापायची आणि फलकावर लावायची. मुलांनी नाव बघून ठरलेल्या तारखेच्या आत कागदपत्रं आणून द्यायची. सर्व्हरकडून यादी तुकड्यातुकड्यानं यायची. माझा कोड ती घ्यायचा, ओळी वेगळ्या करायचा आणि एका नव्या स्ट्रीममधून पुढे द्यायचा. पुढे तिची फाइल व्हायची.

मध्येच जोडणी तुटली तर काय करायचं, हेही मी लिहिलं होतं. प्रोग्राममध्ये त्यासाठी "कॅच" नावाचा भाग असतो. तिथे मी काय लिहिलं? "कंट्रोलर डॉट क्लोज". कारण तेव्हा मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. तालुक्याच्या कचेरीतला माणूस लाल अक्षरातली चूक बघून घाबरेल, आम्हाला फोन करेल. त्यापेक्षा शांतपणे बंद करावं. चाचणीत सगळं छान चाललं. आमच्या ऑफिसात जोडणी तुटतेय कशाला?

पावसाचे दिवस. एका ठिकाणी यादी उतरवताना जोडणी तुटली. माझ्या कोडनं शांतपणे "संपलं" म्हटलं. फाइल तयार झाली, हिरवी खूण आली. यादी छापली गेली, फलकावर लागली. शेवटचं आडनाव होतं मोरे. त्याखाली कोरी जागा.

कुणाला काही खटकलं नाही. यादी कुठेतरी संपतेच ना. जी मुलं आली आणि ज्यांना आपलं नाव दिसलं नाही, ती परत गेली. त्यांना वाटलं, आपण बसलो नाही. आपल्याकडची पोरं यादीशी भांडत नाहीत, निमूट घरी जातात.

चार दिवसांनी एक गृहस्थ कचेरीत गेले आणि त्यांनी तिथल्या लिपिकाला एक प्रश्न विचारला. तो मला नंतर सांगण्यात आला आणि मी तो विसरू शकत नाही. ते म्हणाले, "साहेब, माझ्या पोरीचं नाव नाही ते ठीक आहे. पण अख्ख्या तालुक्यात एक पण शिंदे नाही?"

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या यादीत एकही शिंदे नाही. वाघमारे नाही, सावंत नाही, सोनवणे नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या कोडला कळली नाही आणि त्या बापाला कळली.

तोवर तारीख उलटून गेली होती. कचेरीतल्या लोकांनी समजूतदारपणे राहिलेल्या मुलांची कागदपत्रं उशिरा घेतली. आम्ही बसून एकेकाला फोन केले. ती शिंदेंची मुलगी आली, तिचं काम झालं. दोघांचे फोन लागले नाहीत, दिलेल्या पत्त्यावरूनही ती घरं हललेली होती. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी घरं हलतात. त्या दोन मुलांच्या बाबतीत मी "सगळं झालं" असं म्हणू शकत नाही.

चूक शोधायला मला अर्धा तास लागला आणि दुरुस्त करायला अर्धा मिनिट. कॅचमधला "क्लोज" खोडला आणि तिथे "एरर" लिहिलं. एक शब्द.

पण त्या अर्ध्या तासात मला एक गोष्ट कळली. ती अधिक लाज आणणारी होती. ब्राउझरला खरं काय ते माहीत होतं.

ते कसं, हे सांगतो. जुन्या एचटीटीपी १.० मध्ये मजकुराची लांबी आधी सांगितलेली नसेल, तर सर्व्हरनं जोडणी बंद करणं हीच मजकूर संपल्याची खूण असायची. पण जोडणी तुटली तरी ती बंदच दिसणार. म्हणजे पूर्ण झालं की तुटलं, हे ओळखायची सोय नव्हती. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमांत यावर एक सुंदर उपाय आहे. प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची लांबी पाठवायची आणि सगळं संपल्यावर शून्य लांबीचा एक तुकडा पाठवायचा. तो शून्याचा तुकडा म्हणजे बाईंचं "पेनं खाली". तो आला तर पूर्ण. तो यायच्या आत जोडणी तुटली तर अपूर्ण. त्या दिवशी शून्याचा तुकडा आला नव्हता. ब्राउझरनं ते ओळखलं आणि मला चूक म्हणून कळवलं. मधल्या माणसानं, म्हणजे मी, ती बातमी घेतली आणि पुढे सांगितलं, "सगळं ठीक आहे, संपलं." खालपासून खरं वर येत होतं. ते माझ्यापाशी येऊन थांबलं.

आणखी एक खूण होती, तीही मी पुसली होती. ही आपल्या भाषेची आहे म्हणून मुद्दाम सांगतो. इंटरनेटवर अक्षरं पाठवायची जी यूटीएफ-८ पद्धत आहे, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेली, तिच्यात साधं इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. "शाळा" हा शब्द घ्या. श, काना, ळ, काना. चार खुणा, बारा बाइट. आता प्रवाहाचा तुकडा कुठेही तुटू शकतो, "ळ"च्या मधोमधसुद्धा. म्हणून बाइटची अक्षरं करणारा जो "टेक्स्टडीकोडर" असतो, त्याला आधी सांगून ठेवावं लागतं की अजून पुढे येणार आहे. मग तो अर्धवट अक्षर जपून ठेवतो आणि पुढच्या तुकड्याशी जोडतो. अगदी शेवटी त्याला रिकामी हाक मारायची असते, "तुझ्याकडे काही उरलंय का?" सगळं नीट आलं असेल तर काही उरत नाही. अक्षर अर्धं राहिलं असेल तर प्रश्नचिन्ह असलेला तो काळा चौकट उमटतो. तो दिसला असता तर कचेरीतला माणूस निदान थबकला असता. मी ती शेवटची हाक मारलीच नव्हती. चाचणी इंग्रजी नावांवर केली होती आणि इंग्रजी अक्षर मधोमध तुटत नाही.

त्यानंतर मी आणि माझे सहकारी काही गोष्टी न चुकता करतो. बिघाड झाला तर "क्लोज" नाही, "एरर". शेवटी डीकोडरला हाक मारायची. यादीच्या सुरुवातीलाच एकूण किती नावं येणार तो आकडा मागायचा आणि शेवटी मोजून जुळवायचा. कारण शून्याचा तुकडा एवढंच सांगतो की वाटेत काही तुटलं नाही. सर्व्हरवर बसलेल्या दुसऱ्या कुणी माझ्यासारखाच शहाणपणा करून अर्धी यादी "पूर्ण" म्हणून पाठवली असेल, तर ते मोजल्याशिवाय कळत नाही. आणि वाचणाऱ्यानं पान सोडलं, "कॅन्सल" झालं, तर पुरवणाऱ्यानंही लगेच थांबायचं. नाही तर टायमर चालू राहतो, बंद झालेल्या स्ट्रीममध्ये तुकडे घालायला जातो आणि टाइपएरर मिळवतो. वर्ग सुटला तरी फळ्याशी उभं राहून सांगत बसलेल्या मास्तरासारखा.

बाई, आता तुमच्यासाठी थोडं.

श्रुतलेखनात आमचा एखादा शब्द सुटायचा. मग आम्ही काय करायचो? पुढचा शब्द मागच्याला चिकटवून टाकायचो. वाक्य दिसायला पुरं. वही दिसायला नेटकी. तुम्ही ते बरोबर पकडायचात आणि एकच गोष्ट सांगायचात, "सुटलं असेल तर जागा सोडा. जोडून झाकू नका. जागा सोडली तर मला कळेल काय राहिलंय, मी सांगेन. झाकलंत तर मलाही कळणार नाही आणि तुम्हालाही." कोऱ्या जागेला तुम्ही कधी मार्क कापले नाहीत. झाकलेल्याला कापलेत.

मला त्या वेळी कापलेल्या मार्कांचा राग यायचा. तुमचा नियम मला पाठ होता, तरी त्या यादीत मी झाकलं. पेन हातात नव्हतं म्हणून ते ओळखता आलं नाही, एवढंच. नेटकी वही दाखवायची हौस तीच होती.

आज माझ्या हाताखाली तरुण मुलंमुली काम करतात. कॅचमध्ये कुणी "क्लोज" लिहिलेलं दिसलं की मी त्यांना विचारतो, "हे संपलंय की तुटलंय?" ती म्हणतात, "तुटलंय, पण वापरणाऱ्याला वाईट दिसेल." मग मी त्यांना तुमचं वाक्य सांगतो. त्यांना वाटतं हे कुठल्या तरी परदेशी पुस्तकातलं आहे. मी सांगतो, आमच्या शाळेतलं आहे, सातवीच्या वर्गातलं.

मित्रांनो, मी काय काम करतो ते एवढंच. तुकडे नीट येतात की नाही बघतो, आणि ते संपले की तुटले, हे खरं खरं पुढे सांगतो.

मला दिलेली पंधरा मिनिटं पुरी झाली. मी मध्येच तुटलेलो नाही आणि तुम्ही अजून मला नको म्हटलेलं नाही, याबद्दल आभारी आहे. तेव्हा रीतसर सांगतो.

पूर्णविराम. पेनं खाली.